भिंतीकडची रांग

माझ्या कपाटात हार्ड डिस्कची एक काळी डबी आहे. तिच्याकडं लक्ष गेलं की अजून तोंडाला कडू पाणी सुटतं. फेकून द्यायचं धाडस होत नाही आणि हात लावायची इच्छा होत नाही. तिनं बिचारीनं काही केलेलं नाही. केलं ते मी, आणि हातभार लावला तो माझ्यासारख्याच एका दीडशहाण्यानं.

आधी माझ्याबद्दल सांगतो. मी नगरला चाळीस वर्षं टायपिंगचा क्लास चालवला. आधी मशिनं होती, मग कॉम्प्युटर आले. जिल्ह्यातल्या निम्म्या कचेऱ्यांतले क्लार्क माझ्या हाताखालून गेलेत आणि त्याचा मला नको तेवढा माज होता. क्लासात माझी एक शिस्त होती. पक्की प्रत निघाली की कच्चा मसुदा फाडायचा. टेबलावर दोन प्रती दिसल्या की मी ओरडायचो, "दोन कागद म्हणजे दोन घोटाळे!" पोरं माझ्या पाठीमागं माझ्याच आवाजात हे वाक्य म्हणून दाखवायची, ते मला ठाऊक होतं, आणि खोटं कशाला बोलू, आवडायचंसुद्धा.

दुसरी गोष्ट फॉन्टची. आम्ही मराठी टाइप करायचो तो फॉन्ट जुन्या काळातला. तो ज्या कॉम्प्युटरवर असेल तिथंच मराठी दिसणार. दुसरीकडं तीच फाइल उघडली तर इंग्रजी अक्षरं, आकडे, वेड्यावाकड्या खुणा, असा सगळा काला. लोक नव्या पद्धतीकडं गेले, मी गेलो नाही. बोटांना पडलेलं वळण आता काय मोडायचं, असं म्हणायचो. इतक्या वर्षांत तो कालासुद्धा मला वाचता यायला लागला होता.

क्लास बंद केल्यावर मंडळीनं मला सेक्रेटरी केलं. मंडळी म्हणजे आमचं चर्च. त्यातलं कबरस्तानाचं काम कुणालाच नको असायचं, ते माझ्या गळ्यात पडलं. आमच्याकडं ज्याची ऐपत त्याच्या कबरीवर फरशी. बाकीच्यांच्या वाट्याला मातीचा उंचवटा, कडेनं चार धोंडे आणि लाकडी क्रूस. क्रूस दोन पावसाळ्यांत कुजतो, उंचवटा हळूहळू बसतो. मंडळीच्या रजिस्टरात मयताचं नाव असतं, तारीख असते, पण जागा कुठली ते नसतं. ईस्टरच्या पहाटे आमची उपासना कबरस्तानात होते. आदल्या दिवशी लोक चुन्याची बादली घेऊन कबरी रंगवायला येतात आणि दर वर्षी एकाच ढिगाऱ्यावर दोन घरं भांडतात. "हे आमचे आजोबा!" "अहो कसले आजोबा, आमची काकू आहे ती!" मला त्या भांडणांचा वीट आला होता.

सगळं ठाऊक असलेला माणूस एकच, आमचा कबर खणणारा. म्हातारा ऐंशीच्या घरातला. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, पण पन्नास वर्षांत खणलेली एकूण एक कबर त्याच्या डोक्यात होती. मी दोन हिवाळे वही घेऊन त्याच्यामागं फिरलो. तो काठी टेकवून बोलायचा, मी लिहायचो आणि मोबाईलवर फोटो काढायचो. कडुनिंबापासून पुढं, मागच्या भिंतीला लागून लहान लेकरांची रांग आहे. तिथं एका ठिकाणी तो थांबला.

"हितं नर्सबाईचं लेकरू हाय," तो म्हणाला. "सा दिसाचं. लई पाऊस हुता. म्या खांदायचो अन् पानी भरायचं. बाप छत्री धरून हुभा हुता, सोता भिजत, छत्री लेकरावर."

मी ते जसंच्या तसं लिहून घेतलं.

त्या नर्सबाईंना मी चांगला ओळखत होतो. दवाखान्यात त्यांनी जन्म घालवला, सगळं गाव त्यांना सिस्टर म्हणायचं. निवृत्त झाल्यावर त्या लेकीकडं संगमनेरला राहायला गेल्या. पहिलं बाळ गेलं तेव्हा त्या स्वतःच तापानं फणफणलेल्या होत्या. बाळाला कधी उचललं, कधी नेलं, त्यांना कळलंही नाही. नवऱ्यानं जागा कधी दाखवली नाही. विषय काढला की तो ताटावरून उठून जायचा, म्हणून त्यांनी विषय काढायचंच सोडून दिलं. पुढं नवराही गेला. बाळाला बेचाळीस वर्षं झाली, पण आई एकदाही त्याच्यापाशी जाऊन बसली नव्हती.

मी त्याच दिवशी त्यांना फोन केला. "सिस्टर, जागा सापडली."  त्या म्हणाल्या, "मी येते, सर. दगड करून आणते. तोवर कुणाला पाय देऊ देऊ नका." पण मध्येच त्यांचं मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि येणं लांबलं.

इकडं मी सगळी वही टाइप केली, रांगेनुसार याद्या केल्या, प्रत्येक फोटोला रांग आणि नंबर दिला. सगळं त्या काळ्या डिस्कवर ठेवलं. आणि मग माझी ती सुप्रसिद्ध शिस्त! पक्की प्रत झाली, आता कच्चा मसुदा कशाला? दोनशे पानी वही टराटरा फाडून बंबात घातली. त्या पाण्यानं आंघोळ केली मी. छापील प्रत नंतर सवडीनं काढू म्हटलं. पुढच्या पावसाळ्यात म्हातारा वारला. त्याची कबर कुठं आहे एवढं मात्र मला पक्कं माहीत आहे.

अँटिव्हायरसचं मला भारी वेड. क्लासातली पोरं पेनड्राइव्हमधून नाही नाही ती रोगराई आणायची, तेव्हापासूनची खोड. ईस्टरला दोन-अडीच महिने होते. एका दुपारी नवीन अँटिव्हायरस घातला, डिस्क जोडली आणि म्हटलं, होऊ दे एकदा सगळी साफसफाई. थोड्या वेळानं पडद्यावर लाल अक्षरं यायला लागली. धोका, धोका, धोका. खाली बटण होतं, सगळं काढून टाका. मी वाचलं नाही, दाबलं. घर स्वच्छ झाल्याचा आनंद झाला मला, काय सांगू!

मग डिस्क टकटक वाजायला लागली. पडद्यावर काम किती झालं ते दाखवणारी पट्टी एका जागी अडकली, तासभर हलेना. मी चिडलो आणि वायर उपटली. चालत्या मशीनमधून कागद ओढू नका म्हणून ज्यानं चाळीस वर्षं लोकांची पोरं रडवली, त्यानं चालत्या डिस्कची वायर उपटली! पुन्हा जोडल्यावर पडदा म्हणाला, ही डिस्क वापरायची तर आधी फॉरमॅट करा. तेवढं तरी मी केलं नाही. त्या दिवसातलं शहाणपणाचं काम ते तेवढंच.

डिस्क घेऊन शहरातल्या एका दुकानात गेलो. दुकानदार तिशी-पस्तिशीचा, गालात तंबाखूचा मावा. मावा मळलेल्या बोटांनीच त्यानं माझी डिस्क उचलली, उलटीपालटी केली आणि बोटं तिलाच पुसली. शी! मला तिथूनच परत फिरायला हवं होतं. "होऊन जाईल, काका. डेटा कुठं जात नसतो," असं म्हणत तो दाराबाहेर थुंकला. मी बावळटासारखा पावती घेऊन घरी आलो.

आठ दिवसांनी डिस्क मिळाली. तिथंच उघडून बघितली. फोटो होते, पण माझी नावं गेलेली, नुसते आकडे. शेकड्यांनी मातीचे ढिगारे, एकासारखा एक. याद्या कुठंच दिसेनात.

"याद्या कुठं आहेत?" मी विचारलं.

"कसल्या याद्या?"

"मराठी फाइली होत्या. तीस-बत्तीस."

"हां, त्या करप्ट होत्या, काका. उघडून बघितल्या ना मी. नुसता कचरा. डिलीट मारल्या."

 मी म्हटलं, एक तरी दाखव. त्यानं कंटाळल्यासारखं तोंड करून आपल्या कॉम्प्युटरची कचरापेटी उघडली. एक फाइल तिथं चुकून राहिली होती. इंग्रजी अक्षरं, आकडे, वेड्यावाकड्या खुणा. मी चष्मा वर केला आणि पडद्याला नाक लावून वाचायला लागलो. तो कचरा नव्हता, ती तिसरी रांग होती. एकेक माणूस आपापल्या जागी होता.

"तुम्हाला हे वाचता येतं?" दुकानदार हसायला लागला.

"तुला वाचता येत नाही म्हणून तो कचरा होय रे? फोन करून विचारायला तोंड नव्हतं? बाकीच्या काढ परत. डिस्कमधून काढ."

"आता कशा काढू? डिस्क फॉरमॅट मारली आणि त्याच्यातच फोटो टाकून दिले. तुमचा नवीन डिस्कचा खर्च वाचवला, काका." आणि तो माझ्या तोंडाकडं बघत राहिला. त्याला शाबासकी हवी होती!

म्हणजे ज्या डिस्कमधून काढायचं तीच पुसून यानं तिच्यावर दुसरं लिहून ठेवलं होतं. मी त्याला नाही नाही ते बोललो. जिभेला हाड नव्हतं त्या दिवशी. तो शांतपणे मावा चघळत होता. शेवटी म्हणाला, "तुम्ही पण सांगितलं नाही ना, फॉन्ट वेगळा आहे म्हणून." हे खरं होतं, म्हणून जास्तच झोंबलं.

मंडळीत मी कुणाला काही सांगितलं नाही. चर्चचे पाळकसाहेब दोनदा म्हणाले, याद्यांची छापील प्रत वाचनाच्या खोलीत लावू या. मी म्हटलं, तपासणी चाललीय. थाप मारताना माझी जीभ जराही अडखळली नाही. मग ईस्टरच्या आठवड्यात सिस्टरचा फोन आला. "सर, डॉक्टरांनी परवानगी दिली. दगड तयार आहे. येते आहे मी." त्या क्षणी सांगायला पाहिजे होतं. सिस्टर, माझ्याकडून घात झाला, एवढे चार शब्द. मी म्हणालो, "या ना, या. अवश्य या."

ईस्टरच्या पहाटे त्या आल्या. एका हाताला लेक, दुसऱ्या हातात काठी. ड्रायव्हरनं दगड आणून ठेवला. लहानसा, पांढरा. बाळाचं नाव ठेवायचं राहून गेलं होतं, म्हणून त्यावर फक्त ‘आमचं बाळ’ असं कोरलेलं. "सलाम, सर," त्या आमच्या मंडळीच्या रीतीनं म्हणाल्या. "कुठं?"

भिंतीकडची रांग एवढं मला आठवत होतं. पण त्या रांगेत तीसेक उंचवटे आहेत, काही तर हाताच्या पंजाएवढेच उरलेत. मी पुढं, त्या मागं. माझे पाय चालत राहिले आणि एका ढिगाऱ्यापाशी थांबले.

"हे, सिस्टर."

"नक्की?"

"नक्की. मी स्वतः लिहून घेतलंय."

मोडून जोडलेल्या हाडाची ती बाई तशीच खाली बसली. मंडळीचा सेक्रेटरी म्हणून मी पुष्कळ मयतं पाहिली, पुष्कळ रडणं ऐकलं. असलं नव्हतं ऐकलं. नुसता पोटातून येणारा आवाज. गाणारी माणसं गाणं विसरली. मग त्या हळूहळू माती थोपटायला लागल्या, लेकराला निजवताना थोपटतात तशा. "आले रे बाळा," म्हणत होत्या. "उशीर झाला, रागावू नको. आले."

मला खरोखर ओकारी आली. भिंतीच्या कोपऱ्याला जाऊन सकाळचा चहा बाहेर काढला. परत आलो तर त्या माझीच वाट बघत होत्या. माझा हात धरून त्यांनी दोन्ही डोळ्यांना लावला. "फार मोठं काम केलंत, सर. देव तुमचं भलं करो." तो हात मी घरी जाऊन साबणानं धुतला. जेवताना पुन्हा धुतला. दुकानदाराच्या बोटांची किळस करणारा मी! त्याच्या बोटांना निदान मावाच होता.

दुसऱ्या दिवशी डिस्क घेऊन भिंगारला गेलो. जुन्या बाजारात पिठाच्या गिरणीच्या माडीवर एक गृहस्थ राहतात. लष्कराच्या कारखान्यात तंत्रज्ञ होते, निवृत्तीनंतर घरी बसून डिस्क दुरुस्त करतात. त्यांनी डिस्क हातात घेतली नाही. आधी मला खुर्ची दिली. "काय काय झालं ते क्रमानं सांगा. काही लपवणार असाल तर डिस्क परत घेऊन जा, माझा वेळ जातो." मी सगळं सांगितलं. सिस्टरचंसुद्धा सांगितलं, ते त्यांनी विचारलं नव्हतं तरी. त्यांनी टकलावरून हात फिरवला. "अँटिव्हायरसनं थोडंच मारलं होतं, तुम्ही वायर ओढून अर्धमेलं केलं आणि त्या शहाण्यानं पुरून टाकलं. बघतो. वचन देत नाही."

त्यांची कामाची रीत बघून मला जास्तच लाज वाटली. आधी त्यांनी अख्ख्या डिस्कची नक्कल काढली, मूळ डिस्क पिशवीत बांधून बाजूला ठेवली, आणि जे काही केलं ते नकलेवर. जे माझ्या क्लासात गुन्हा होतं, दोन प्रती, ते या माणसाचं पहिलं काम. सहा आठवडे गेले. फाइली अखंड मिळालेल्या नव्हत्या, मिळाले ते तुकडे. कुणाला डोकं नाही, कुणाला पाय नाहीत. त्यांचा फोन यायचा, "या, तुमचा कचरा वाचायला." मी दुपारची सिटी बस पकडून जायचो आणि गिरणीच्या घरघरीत तो काला वाचत बसायचो. ज्या जागी दुकानदारानं फोटो टाकले होते तिथलं सगळं कायमचं गेलं. दुसरी रांग अख्खी गेली, फाटकाकडची निम्मी गेली. त्या माणसांना आता या जगात कुणी शोधू शकणार नाही.

एका दुपारी लेकरांची रांग सापडली. मी बोटानं ओळ धरून वाचलं. कडुनिंबापासून सातवं, नर्सबाईचं लेकरू, सा दिसाचं, बाप छत्री धरून हुभा हुता. सिस्टरना मी दाखवलं होतं ते चौथं. चौथ्यात कुण्या रेल्वेतल्या हमालाची दोन वर्षांची मुलगी होती, तिचं घरदार केव्हाच गाव सोडून गेलेलं.

यानंतरचे पंधरा दिवस लिहायला मला सगळ्यात जास्त जड जातंय. कारण मी गप्प बसायचं ठरवलं होतं. म्हातारीला समाधान मिळालंय, कशाला उकरून काढायचं? मातीच ती, इथली काय आणि चार पावलांवरची काय? असं मी स्वतःला समजावत होतो आणि फार छान पटत होतं. इतकं छान पटत होतं की माझी मलाच शिसारी यायला लागली. तेवढ्यात सिस्टरचा फोन आला. सहज केलेला, खुशालीचा. जाता जाता म्हणाल्या, "लेकीला सांगून ठेवलंय, सर. माझं काही झालं तर मला तिथंच, बाळाच्या शेजारी ठेवा. तुम्ही तेवढी जागा राखा."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मी संगमनेर गाठलं. त्यांच्या लेकीनं पाणी आणून दिलं. पाण्याला हात न लावता मी सगळं सांगून टाकलं, वहीपासून चौथ्या ढिगाऱ्यापर्यंत.

लेक ताडकन उठली. "लाज वाटत नाही तुम्हाला?"

"वाटते म्हणून आलो."

"मग त्या दिवशी कुठं गेली होती? आईच्या तोंडावर नक्की म्हणालात तुम्ही!"

"तू थांब," सिस्टर म्हणाल्या. त्या माझ्याकडं बघत नव्हत्या, खिडकीकडं बघत होत्या. "ते चौथं कुणाचं आहे?"

मी सांगितलं.

"तिचं कुणी येतं?"

"नाही."

"मग तो दगड तिच्यावरच राहू दे. नाव नाही त्यावर, चालेल." मग लेकीला म्हणाल्या, "गाडीची चावी घे. मला आत्ता जायचंय."

 नगरपर्यंत मी मागच्या सीटवर अंग चोरून बसलो होतो. कबरस्तानात उतरल्यावर मी सवयीनं पुढं झालो, तर त्यांनी काठी आडवी धरली. "तुम्ही दाखवू नका. मी मोजते." कडुनिंबापासून त्या स्वतः निघाल्या. प्रत्येक उंचवट्याला काठीचं टोक लावायचं, आकडा मोठ्यानं म्हणायचा, पुढं जायचं. चौथ्यापाशी पांढरा दगड होता, तिथं जरा थांबल्या. पाचवं. सहावं. सातव्यावर वाळकं गवत माजलं होतं. लेकीनं ते उपटून जागा केली आणि त्यांना बसवलं.

आम्ही दोघं लांब उभे राहिलो. ऊन बरंच होतं. त्या बसून होत्या, हात मातीवर ठेवून, नुसत्याच. पाच मिनिटं गेली, दहा गेली, पंधरा गेली. मग त्यांनी मला हाक मारली. शिव्या देतील, कदाचित माफ करतील, असं काहीबाही मनात आणत मी जवळ गेलो. डोळे कोरडे होते त्यांचे.

"रडू येईना हो, सर," त्या म्हणाल्या. "बेचाळीस वर्षं धरून ठेवलं होतं. ते सगळं त्या दिवशी तिकडं रडून झालं. आता याला काय देऊ मी?"

 लेक आली, तिनं आईला धरून उठवलं आणि गाडीकडं नेलं.